ग्लायोब्लास्टोमाची जनुकं ताडायची कशाशी? घरच्या लॅपटॉपवर करायच्या तुलनेची सविस्तर वाट

ही तुलना पहिल्यांदा केली तेव्हा दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. एका बाजूला ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या एका कर्करोगाच्या, दीडशे गाठी, दुसऱ्या बाजूला निरोगी मेंदूचे नमुने, मधे वीस हजार जनुकं. गाठीत सगळ्यात जास्त दबलेल्या जनुकांची यादी निघाली तीही अगदी एका माळेतली: एसएनएपी२५, एसवायटी१, आरबीफॉक्स३, सगळी चेतापेशींची (न्यूरॉनची) आणि त्यांच्यातल्या सिनॅप्सची, म्हणजे जोडांची, मंडळी. 'हा कर्करोग सिनॅप्सची जनुकं बंद पाडतो' असं निष्कर्षाचं वाक्यसुद्धा मी लिहून ठेवलं होतं. मॅडमनी यादीवरून एकदा पेन्सिल फिरवली आणि विचारलं, "अरे, पण गाठीत न्यूरॉन आहेतच किती?"

मी मोजलेच नव्हते. जिथे न्यूरॉनच नाहीत तिथे न्यूरॉनची जनुकं कमी दिसणारच. मी शोधलं काय होतं, तर गाठ म्हणजे मेंदू नव्हे!

पुढची वाट त्या पेन्सिलीच्या अनुभवातून आखली आहे. जीवशास्त्राचं पदवीपर्यंतचं शिक्षण, संगणकाच्या 'आर' भाषेत थोडंफार काम करण्याची तयारी आणि साधा लॅपटॉप एवढ्यावर ती चालता येते. सगळी माहिती उघडी आणि फुकट आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी मेंदूच्या गाठीचा रुग्ण असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो: उपचार ठरवताना डॉक्टर आयडीएच, एमजीएमटी, १पी/१९क्यू अशा मोजक्या तपासण्या पाहतात. इथल्या हजारो जनुकांच्या याद्या संशोधनासाठी आहेत, त्यावरून कुणाचा रिपोर्ट वाचायला जाऊ नका.

मोजतोय ते नेमकं काय

शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत डीएनए तोच असतो. कुठली पेशी त्यातली कुठली पानं वाचते, म्हणजे कुठल्या जनुकांपासून किती आरएनए बनवते, त्यावरून न्यूरॉन न्यूरॉन ठरतो आणि अॅस्ट्रोसाइट (मेंदूतली एक आधारपेशी) अॅस्ट्रोसाइट. आरएनए-सीक्वेन्सिंगमध्ये ऊतीचा तुकडा कुटतात, त्यातला आरएनए काढतात, त्याचे लहान तुकडे वाचतात आणि प्रत्येक जनुकाच्या वाट्याला किती तुकडे आले ते मोजतात. शेवटी हातात येतो एक भलामोठा तक्ता: आडव्या ओळींत जनुकं, उभ्या रकान्यांत नमुने.

यातला 'कुटतात' हा शब्द विसरायचा नाही. मिक्सरमधून काढलेल्या वाटणाची चव घेऊन खोबरं कमी पडलं आहे एवढं कळतं. खोबऱ्याचे तुकडे कमी होते की खोबरंच बेचव होतं, ते वाटणावरून कळत नाही. कुटलेल्या ऊतीचंही तसंच.

एक काल्पनिक जनुक घ्या. न्यूरॉनमध्ये त्याची पातळी १००, ग्लिया पेशींत (न्यूरॉनना आधार देणाऱ्या, अॅस्ट्रोसाइटसारख्या) १०. निरोगी तुकड्यात निम्मे न्यूरॉन असतील तर सरासरी येते ५५. गाठीच्या तुकड्यात ५ टक्केच न्यूरॉन उरले असतील तर सरासरी १४.५. म्हणजे जवळजवळ चौपट घट, आणि एकाही पेशीनं आपलं वागणं तसूभर बदललेलं नाही.

या चकव्यात मोठेमोठे सापडले आहेत. अमेरिकेच्या 'द कॅन्सर जीनोम अॅटलस' म्हणजे टीसीजीए प्रकल्पानं पहिला मोठा निबंध काढला तो २००८ साली, ग्लायोब्लास्टोमावरच. त्याच माहितीतून २०१० साली या गाठीचे चार उपप्रकार मांडले गेले: प्रोन्यूरल, न्यूरल, क्लासिकल आणि मेसेनकायमल. पुढची सात वर्षं ते जिकडेतिकडे छापले गेले. २०१७ मध्ये गाठीच्या स्वतःच्या पेशींपुरत्या मर्यादित जनुकांवरून वर्गीकरण पुन्हा केलं तेव्हा 'न्यूरल' हा प्रकार टिकला नाही. गाठीच्या कडेला मिसळलेल्या निरोगी मेंदूची ती सावली होती. म्हणजे चारातला एक उपप्रकार वाटणातल्या खोबऱ्यानं घडवला होता.

पहिली पायरी: 'नॉर्मल' कुणाला म्हणायचं ते ठरवा

प्रोग्रॅम चालवण्याआधी वहीत लिहून काढायची ही पायरी. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी आता अख्खा एक दिवस देतो.

स्तनाच्या किंवा यकृताच्या गाठीत शेजारचा निरोगी तुकडा मिळतो. मेंदूत शस्त्रक्रिया करणारा सर्जन तुमच्या तुलनेसाठी चांगला मेंदू कापून देणार नाही, आणि देऊही नये. म्हणूनच टीसीजीएच्या ग्लायोब्लास्टोमा संचात आरएनए-सीक्वेन्सिंग झालेल्या गाठी दीडशेवर आहेत आणि नॉर्मल नमुने फक्त ५. कमी दर्जाच्या ग्लायोमांच्या संचात तर एकही नाही. मग नॉर्मल आणायचं कुठून? वाटा चार आहेत आणि चारही खडबडीत.

सगळ्यात मोठा साठा 'जीटेक्स' या प्रकल्पाचा. मृत्यूनंतर दान मिळालेल्या ऊती, त्यात मेंदूचे १३ भाग. मात्र मृत्यू आणि नमुना गोठवणं यांत काही तास जातात, आणि आरएनए नाजूक असतो. प्रत्येक नमुन्याचा आरएनए-दर्जा (१ ते १० या मापावरचा 'रिन' आकडा) आणि मधला वेळ जीटेक्सच्या नमुना-माहितीच्या फाइलमध्ये दिलेला असतो. तो रकाना उघडून बघणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले आहेत.

१३ भागांतला कुठला घ्यायचा? 'ब्रेन' असा सरसकट शब्द टाकून सगळे उचलू नका. सेरेबेलम, म्हणजे लहान मेंदू, तर बाजूलाच ठेवा. तिथे न्यूरॉनची इतकी दाटी असते की त्याची जनुकपातळी उरलेल्या मेंदूपासून वेगळीच पडते, आणि प्रौढांचा ग्लायोब्लास्टोमा बहुतेक वेळा मोठ्या मेंदूच्या गोलार्धांत होतो. मी कॉर्टेक्स (मोठ्या मेंदूचा बाहेरचा थर) आणि फ्रंटल कॉर्टेक्स (त्याचा पुढचा भाग) असे दोन भाग घेतो. त्यातही एक मेख आहे. जीटेक्समध्ये कॉर्टेक्स आणि सेरेबेलमचे नमुने दात्याच्या शरीरातून जागेवरच घेऊन रसायनात टिकवले, तर फ्रंटल कॉर्टेक्स आणि बाकीचे भाग मेंदू-पेढीत पोहोचल्यावर गोठवलेल्या मेंदूतून काढले. एकाच मेंदूचे जवळपासचे दोन भाग, पण हाताळणी दोन तऱ्हांची. म्हणून दोन्ही वेगवेगळे चालवून बघायचे. एका जनुकाचा फरक कॉर्टेक्सशी दिसतो आणि फ्रंटल कॉर्टेक्सशी दिसत नाही असं झालं, तर तो फरक गाठीचा नसून डबीचा असण्याची शक्यता मोठी.

दुसरी वाट अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीची. ही ताजी असते, पण मुळात आजारी मेंदूची. तिथल्या अॅस्ट्रोसाइट पेशी बऱ्याचदा चिडलेल्या असतात. तिसरी वाट गाठीलगतच्या ऊतीची. ग्लायोब्लास्टोमा मुळं पसरावीत तसा लांबवर झिरपतो, त्यामुळे हिला निरोगी म्हणणं मला तरी पटत नाही. चौथी वाट मला सगळ्यात आवडते: निरोगी मेंदूतून एकेका जातीच्या पेशी वेगळ्या करून मोजलेली माहिती. स्टॅनफर्डला बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेनं २०१६ मध्ये माणसाच्या अॅस्ट्रोसाइट, न्यूरॉन, मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) वगैरे पेशी शुद्ध करून त्यांचे आकडे खुले केले. नमुने थोडे, पण 'अॅस्ट्रोसाइटमध्ये हे जनुक मुळात किती?' या प्रश्नाचं थेट उत्तर तिथे मिळतं.

भारतात निरोगी मेंदूची ऊती जपणारी पेढी म्हटली की बंगळुरूच्या निम्हान्सची मेंदू-पेढी आठवते. प्रत्यक्ष ऊती हवी असेल तर नैतिक समितीची परवानगी आणि रीतसर अर्ज लागतो. या लेखातली वाट फक्त आकड्यांची आहे, तिला तसली परवानगी लागत नाही.

गाठ दुसरी असेल तर नॉर्मलही बदलतं. मुलांमधला मेड्युलोब्लास्टोमा लहान मेंदूत होतो, तेव्हा त्याच्यासाठी सेरेबेलमच हवा. त्यातल्या एसएचएच उपप्रकाराचं मूळ तर वाढत्या सेरेबेलममधल्या, अजून विभागत असलेल्या पूर्वपेशींत आहे. सत्तरीच्या दात्याच्या सेरेबेलममध्ये त्या पेशी औषधालाही सापडणार नाहीत. (खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये मेड्युलोब्लास्टोमाच्या जनुकपातळीवर बरंच काम झालं आहे. त्या वाटेनं जाणाऱ्यांनी ते निबंध आधी काढावेत.)

दुसरी पायरी: उतरवण्याआधी नुसतं डोकावून बघा

'जेपिया-२' नावाचं संकेतस्थळ आहे. जनुकाचं नाव टाकलं, जीबीएम (ग्लायोब्लास्टोमाचं लघुरूप) निवडलं की १६३ गाठी आणि २०७ नॉर्मल यांची चौकटीची आकृती दोन मिनिटांत समोर येते. चाचपणीला उत्तम. नॉर्मलमध्ये टीसीजीए आणि जीटेक्स दोन्हींचे नमुने एकत्र असतात हे लक्षात ठेवा, आणि आकृतीवरची लाल चांदणी पाहून लगेच प्रबंधाचा विषय पक्का करू नका.

त्याहून मोकळेपणा देतं सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं 'झेना'. तिथे 'टीसीजीए टार्गेट जीटेक्स' असा एकत्र संच आहे. टीसीजीए आणि जीटेक्स यांनी आपापल्या पद्धतीनं आकडे काढले होते. २०१७ साली या सगळ्यांचं कच्चं वाचन एकाच साखळीतून पुन्हा काढलं गेलं. त्यामुळे निदान गणनेच्या पद्धतीतला फरक तरी मिटला. झेनामध्ये हा संच निवडा, एका रकान्यात 'मेन कॅटेगरी' घ्या, दुसऱ्यात ईजीएफआरसारखं जनुक टाका, गाळणीत ग्लायोब्लास्टोमा आणि जीटेक्स ब्रेन एवढेच ठेवा. भागवार बघायचं असेल तर 'डिटेल्ड कॅटेगरी'.

इथे नवखा माणूस हमखास एका ठिकाणी अडखळतो. झेनावरचे टीपीएम (दर दहा लाखांमागे किती, असे प्रमाणात आणलेले) आकडे ०.००१ मिळवून मग दोन पायाच्या लॉगमध्ये दिलेले असतात. त्यामुळे ज्या जनुकाचं वाचन शून्य आहे त्याचा आकडा उणे ९.९७ येतो. आकृतीत खाली तळाला ठिपक्यांची सरळ रांग दिसली तर ती 'प्रचंड घट' नसते, तो नुसता शून्य असतो. शून्य आणि जवळपास शून्य यांच्यात तिथे डोंगराएवढी दरी दिसते, प्रत्यक्षात फरक एखाद-दोन तुकड्यांचा.

तिसरी पायरी: माहिती उतरवा, पण सगळी उघडू नका

या संचात एकोणीस हजारांवर नमुने आणि (प्रथिन न बनवणारी जनुकंही धरून) ६०,४९८ ओळी आहेत. सगळा तक्ता मेमरीत घ्यायचा म्हटलं तर साधारण ९ जीबी लागतात आणि ८ जीबीचा लॅपटॉप तिथेच मान टाकतो. आपल्याला हवेत साडेतीनशे रकाने. आधी फक्त नमुन्यांच्या माहितीची छोटी फाइल उघडा, हव्या त्या नमुन्यांची नावं वेगळी काढा आणि मोठ्या फाइलमधून तेवढेच रकाने वाचा. 'आर'मधलं 'डेटा डॉट टेबल' हे पॅकेज असं निवडक वाचन करतं. मग तोच तक्ता पावणेदोनशे एमबीत बसतो.

फाइल कुठली घ्यायची? नुसतं बघायचं असेल तर टीपीएमची. सांख्यिकी चाचणीसाठी 'एक्स्पेक्टेड काउंट'ची, म्हणजे जनुकाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यांच्या अंदाजाची. ही दुसरी फाइलही लॉगमध्ये असते, फक्त तिथे १ मिळवलेला असतो. तेव्हा २ चा तेवढा घात करा, १ वजा करा, पूर्णांकात आणा. हे उलटं गणित न करता लॉगचेच आकडे नुसते पूर्णांकात आणून 'डीईसेक-२'मध्ये (सहाव्या पायरीतल्या चाचणीच्या अवजारात) कोंबलेले मी पाहिले आहेत. पूर्णांक मिळाले की प्रोग्रॅम तक्रार करत नाही. उत्तर चुकतं एवढंच.

टीसीजीएच्या नमुन्याच्या नावात आडव्या रेघांनी तोडलेले भाग असतात. चौथ्या भागाचे पहिले दोन अंक पाहा: ०१ म्हणजे पहिल्यांदा काढलेली गाठ, ०२ म्हणजे उलटलेली गाठ, ११ म्हणजे नॉर्मल ऊती. उलटलेल्या गाठी वेगळ्या काढा, कारण त्या रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे कर्करोगाचं औषध सोसून आलेल्या असतात. एकाच रुग्णाचे दोन नमुने असतील तर एक ठेवा.

आणि कुठल्याही टप्प्यावर जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडून जतन करू नका. 'सेप्ट २', 'मार्च १' अशा नावांच्या तारखा होऊन बसतात. या छळापायी २०२० च्या सुमारास नामकरण समितीनं त्या जनुकांची नावंच बदलली, पण आपल्या संचात जुनी नावं आहेत.

चौथी पायरी: गाठींचीही पाखडणी करा

टीसीजीएनं नमुने गोळा केले तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली जे ग्लायोब्लास्टोमा दिसलं ते ग्लायोब्लास्टोमा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार आयडीएच जनुकात बदल असलेली गाठ आता ग्लायोब्लास्टोमा म्हणवत नाही. तिला आयडीएच-बदल असलेला अॅस्ट्रोसायटोमा, दर्जा ४, म्हणतात. जुन्या संचात अशा थोड्या गाठी मिसळलेल्या आहेत. त्यांचं वागणं वेगळं, रुग्णांचं वय बहुधा कमी, डीएनएवर मिथाइल या रासायनिक खुणांची झूल वेगळी. प्रत्येक रुग्णाची आयडीएच स्थिती टीसीजीएच्या पूरक तक्त्यांत मिळते. बदल असलेले आणि स्थिती न दिलेले, दोन्ही काढून टाका.

पाचवी पायरी: चाचणीआधी चित्र काढा

पन्नास-साठ हजार ओळींतून अगदी कमी वाचन असलेल्या गाळा. सर्वात छोट्या गटात जेवढे नमुने आहेत निदान तेवढ्यांत तरी जनुकाचं वाचन १० च्या वर असावं, हा साधा नियम चालतो. मग पीसीए, म्हणजे मुख्य घटकांचं विश्लेषण, करून नमुन्यांचे ठिपके कागदावर मांडा.

गाठी एकीकडे आणि जीटेक्स दुसरीकडे असे दोन पुंजके दिसतील. खूश होऊ नका. सगळ्या गाठी एका प्रकल्पातल्या आणि जवळपास सगळे नॉर्मल दुसऱ्या. पुंजक्यांमधलं अंतर आजाराचं किती आणि प्रयोगशाळा, वर्ष, हाताळणी यांचं किती, हे गणित वेगळं करून देऊ शकत नाही. 'कॉम्बॅट'सारखी बॅच-दुरुस्तीची अवजारं इथे वापरणं म्हणजे मळाबरोबर कापडही फाडणं: प्रकल्पाचा फरक काढायला जाल तर आजाराचाही निघून जाईल, कारण दोन्ही एकच रेघ आहे.

इथे टीसीजीएचे ते ५ नॉर्मल कामाला येतात. ते गाठींच्याच प्रकल्पातले, पण निरोगी ऊतीचे. पीसीएच्या चित्रात त्यांना वेगळा रंग द्या. ते जीटेक्सच्या कॉर्टेक्सजवळ जाऊन बसले तर मोठा हिस्सा ऊतीचा आहे. गाठींकडे सरकलेले दिसले तर प्रकल्पाचा हात मोठा आहे. पुढे जनुकांची यादी आली की प्रत्येक जनुकाला हाच प्रश्न विचारायचा: जीटेक्सशी दिसलेला फरक त्या पाचांशीही त्याच दिशेनं दिसतो का? पाच नमुन्यांवर पी-व्हॅल्यू फारशी उभी राहणार नाही, दिशा तेवढी पाहायची.

याच चित्रावर लिंगाची पडताळणीही उरकून घ्या. 'झिस्ट' हे जनुक स्त्रियांच्या नमुन्यांत वर आणि 'आरपीएस४वाय१' पुरुषांच्या नमुन्यांत वर दिसायला हवं. नोंदीत स्त्री आणि आकड्यांत पुरुष निघाला तर लेबलांची अदलाबदल झाली आहे का ते तपासा. गाठीत मात्र वाय गुणसूत्र हरवूही शकतं, तेव्हा गाठींच्या बाबतीत निकाल देण्याची घाई नको.

सहावी पायरी: चाचणी

ही पायरी सगळ्यांना मोठी वाटते, पण ती दहा मिनिटांची आहे. 'बायोकंडक्टर' या 'आर'च्या पॅकेजांच्या भांडारातली तीन अवजारं प्रचलित: 'डीईसेक-२', 'एज-आर' आणि 'लिमा-वूम'. नमुने शेकड्यांनी असताना मी लिमा-वूम घेतो, झपाट्यानं होतं. नमुने खूप असतील तेव्हा पहिली दोन अवजारं खोटे होकार जास्त देऊ शकतात हे २०२२ मध्ये दाखवलं गेलं आहे, म्हणून मी साधी विल्कॉक्सन चाचणीही शेजारी चालवतो. वय आणि लिंग मॉडेलमध्ये घाला. जीटेक्स दात्याचं नेमकं वय उघडपणे देत नाही, दशकाचे गट देतो, तेव्हा गाठींच्या रुग्णांचेही तसेच गट पाडा.

वीस हजार जनुकांवर प्रत्येकी ०.०५ ची पी-व्हॅल्यू लावली तर काहीही फरक नसताना हजारभर जनुकं 'लक्षणीय' ठरतील, म्हणून बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीनं दुरुस्त केलेली व्हॅल्यू वापरायची. तरीही हजारो जनुकं पार होतील. नमुने एवढे असताना क्षुल्लक फरकही 'लक्षणीय' होतो. तेव्हा फरकाचा आकार बघा. लॉगमध्ये १ म्हणजे दुप्पट, ३ म्हणजे आठपट.

सातवी पायरी: न्यूरॉन वजा करा

आता मॅडमची पेन्सिल. पेशींच्या जातींची ओळख पटवणारी जनुकं घ्या. न्यूरॉनसाठी एसएनएपी२५, एसवायटी१, आरबीफॉक्स३. मायलिन घालणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइटसाठी एमबीपी, एमओजी, पीएलपी१. अॅस्ट्रोसाइटसाठी एक्यूपी४, एएलडीएच१एल१. मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशींसाठी एआयएफ१, सीडी१६३. रक्तवाहिन्यांसाठी पेकॅम१, व्हीडब्ल्यूएफ. विभाजनासाठी एमकेआय६७, टॉप२ए. प्रत्येक गटाची सरासरी काढून नमुन्यागणिक गुण ठरवा.

मग आपल्या यादीतलं प्रत्येक जनुक फक्त गाठींच्या नमुन्यांत न्यूरॉन-गुणाशी किती हातात हात घालून चालतं ते पाहा. ज्या गाठीच्या तुकड्यात थोडा निरोगी मेंदू चिकटून आला आहे तिथेच जनुक वर येत असेल, तर तुम्ही न्यूरॉनच मोजत आहात. माझ्या पहिल्या यादीचा घटीचा भाग या एका चाळणीत जवळपास सगळा वाहून गेला होता.

वाढीच्या बाजूलाही हीच तऱ्हा. सीडी१६३ वर गेलं म्हणजे कर्कपेशींनी ते चालू केलं असं नाही. ग्लायोब्लास्टोमात मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लियांचा भरणा मोठा असतो, काही गाठींत तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त. एमकेआय६७, टॉप२ए वर गेले तर गाठ विभागते आहे एवढं कळलं. प्रौढ न्यूरॉन विभागतच नाहीत, त्यामुळे निरोगी मेंदूची कुठल्याही वाढत्या ऊतीशी तुलना केली असती तरी त्या ऊतीत ही जनुकं वरच आली असती. हीच जनुकं 'नवे बायोमार्कर' म्हणून छापणारे निबंध मी आता शीर्षकावरूनच बाजूला ठेवतो.

अधिक नेटकं काम हवं असेल तर 'सायबरसॉर्ट-एक्स'सारखी अवजारं कुटलेल्या नमुन्यातल्या पेशींचं प्रमाण अंदाजानं सांगतात. त्यांना द्यायचा संदर्भ मात्र मेंदूचाच हवा, रक्तपेशींचा तयार संदर्भ इथे चालत नाही.

आठवी पायरी: उरलेल्या जनुकांशी एकेक करून बोला

चाळणीतून उरलेल्या शंभर-दोनशे जनुकांसाठी पुढचा आठवडा राखून ठेवा. काही ओळखीची उदाहरणं देतो, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

ईजीएफआर हे सातव्या गुणसूत्रावर असतं. ग्लायोब्लास्टोमात अख्खं सातवं गुणसूत्र जास्तीचं असणं आणि दहावं हरवणं ही नेहमीची खूण आहे. त्यावर अनेक गाठींत ईजीएफआरच्या प्रतींची संख्याच कितीतरी पट वाढलेली असते. त्यामुळे आकृतीत काही गाठी थोड्या वर आणि काही थेट छताला टेकलेल्या दिसतात. अशा जनुकाची सरासरी सांगून काही कळत नाही. ठिपके दाखवा, आणि शेजारी प्रतींच्या संख्येचा रकाना लावा. एक्झॉन (जनुकाचे आरएनएत टिकणारे तुकडे) २ ते ७ गळालेला ईजीएफआरचा व्ही-थ्री हा प्रकार जनुकपातळीच्या एका आकड्यात दिसणारच नाही.

आयडीएच१ मध्ये शिकाऊ लोक हटकून घसरतात. तिथे आजार आहे तो एका अक्षराच्या बदलात. जनुक वर आहे की खाली यावरून बदल आहे की नाही ते कळत नाही. एमजीएमटीचंही निदानात पाहतात ते प्रमोटरवरचं (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागावरचं) मिथिलेशन, आरएनएची पातळी नव्हे.

जीएफएपी ही अॅस्ट्रोसाइटची ठळक खूण. पॅथॉलॉजिस्ट गाठ ग्लियल आहे हे ओळखायला तिचा रंग देतात, म्हणून पुष्कळांना वाटतं की गाठीत ती नॉर्मलपेक्षा वर असणार. प्रत्यक्षात एका गाठीत उंच, दुसरीत खाली. आणि नॉर्मलमध्येही वय, इजा, सूज यांनी ती चढते. मी तिला वाढ-घटीच्या यादीत धरतच नाही.

माझं आवडतं जोडपं आहे हेक्सोकायनेजचं. ग्लुकोज पेशीत आल्यावर पहिला फॉस्फेट लावणारं हे एन्झाइम. निरोगी मेंदू एचके१ वापरतो, ग्लायोब्लास्टोमात एचके२ वर येतं. इथे पेशींच्या मिसळीपलीकडची गोष्ट दिसते: काम तेच, पण कामगार बदलला. शिवाय गाठीच्या मधल्या भागात प्राणवायू कमी पडतो आणि तिथे एचके२, व्हीईजीएफए, सीए९ ही एका टोळीची जनुकं एकत्र चढतात. तुमचं जनुक या टोळीबरोबर चढत असेल तर प्रश्न बदलतो: ते कर्करोगाचं की गुदमरलेल्या ऊतीचं? अॅलन संस्थेच्या 'आयव्ही ग्लायोब्लास्टोमा अॅटलस'मध्ये गाठीची कड, झिरपलेला भाग, दाट गाभा, मृत भागाभोवतीच्या पेशी आणि रक्तवाहिन्या लेझरनं वेगवेगळ्या कापून मोजल्या आहेत. जनुकाचं नाव तिथे टाकलं की ते गाठीच्या कुठल्या आळीत राहतो ते दिसतं.

नववी पायरी: एकेका पेशीत जाऊन खातरजमा

वाटणाऐवजी प्रत्येक डाळीचा दाणा वेगळा मोजायची सोय आता आहे. २०१४ मध्ये पाच ग्लायोब्लास्टोमांतल्या ४३० पेशी एकेक करून वाचल्या गेल्या, आणि एकाच गाठीत वेगवेगळ्या 'उपप्रकारां'च्या पेशी शेजारीशेजारी नांदताना दिसल्या. २०१९ मध्ये त्याच धाग्यावर चार अवस्था मांडल्या गेल्या: न्यूरॉनच्या पूर्वपेशीसारखी, ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशीसारखी, अॅस्ट्रोसाइटसारखी आणि मेसेनकायमल. पेशी एका अवस्थेतून दुसरीत जातात.

तुमच्यासाठी याचा उपयोग साधा आहे. अशा संचात कर्कपेशी कुठली आणि निरोगी कुठली ते सातव्या-दहाव्या गुणसूत्राच्या हिशेबावरून ओळखतात. 'इन्फर-सीएनव्ही' हे अवजार त्यासाठीच आहे. मग तुमचं जनुक कर्कपेशीत किती आणि त्याच तुकड्यातल्या निरोगी अॅस्ट्रोसाइट, ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींत किती ते पाहा. रुग्ण तोच, हाताळणी तीच, दिवस तोच, त्यामुळे पाचव्या पायरीतला प्रकल्पांचा घोळ इथे उरत नाही. 'सेलबायजीन' या संकेतस्थळावर असे संच ब्राउझरमध्येच उघडतात. दोन पथ्यं: शून्य दिसलं म्हणजे जनुक बंद आहे असं धरू नका, कमी पातळीचे आरएनए एका पेशीत निसटतात. आणि चाचणी करताना पाच हजार पेशींना पाच हजार नमुने समजू नका. रुग्ण चार असतील तर नमुने चारच. रुग्णागणिक पेशींची बेरीज करून मग तुलना करा.

दहावी पायरी: दुसरा संच, मग प्रयोगशाळा

एका संचात दिसलेलं दुसऱ्यात दिसतं का ते बघितल्याशिवाय कुणाला सांगू नका. जीएसई ४२९० हा मायक्रोअॅरेचा (आरएनए मोजायच्या आधीच्या तंत्राचा) जुना संच यासाठी सोयीचा आहे: अपस्माराच्या शस्त्रक्रियेतले २३ नमुने आणि १५७ गाठी, त्यात ८१ ग्लायोब्लास्टोमा. तंत्र वेगळं, नॉर्मलची जात वेगळी, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. मृत्यूनंतरच्या आणि जिवंतपणी काढलेल्या अशा दोन्ही नॉर्मलशी जे जनुक एकाच दिशेनं हलतं, त्यावर माझा विश्वास बसायला लागतो. प्रथिनाच्या पातळीवर काय दिसतं ते 'ह्युमन प्रोटीन अॅटलस'मध्ये रंगवलेल्या चकत्यांवर बघा. आरएनए वर असून प्रथिन जागचं न हललेली जनुकं थोडीथोडकी नाहीत.

पुढे क्यूपीसीआर (एकेका जनुकाचा आरएनए मोजायची प्रयोगशाळेतली पद्धत) करायचा असेल तर संदर्भासाठी जीएपीडीएच घेऊ नका. प्रत्येक प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये त्याचे प्रायमर पडलेले असतात, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. पण ते ग्लुकोज तोडणाऱ्या साखळीतलंच एन्झाइम. गाठीत आणि प्राणवायू कमी असताना ते स्वतःच चढतं. मोजपट्टीच ताणली गेली तर कापड आखूडच भरणार. ग्लायोमासाठी टीबीपी आणि एचपीआरटी१ जास्त स्थिर ठरले आहेत. दोन्ही लावा.

आणि कुणी म्हणालं, की एवढ्या कटकटीपेक्षा यू८७ पेशी आणि बाटलीतले अॅस्ट्रोसाइट यांची तुलना करू, तर त्यांना एक गोष्ट सांगा. यू८७ ही पेशीमालिका १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्साला इथे एका रुग्णाच्या गाठीपासून सुरू झाली आणि जगभरच्या हजारो निबंधांत वापरली गेली. २०१६ मध्ये उप्सालाच्याच संशोधकांनी जपून ठेवलेल्या मूळ ऊतीचा डीएनए काढून ताडला, तेव्हा पेशी-पेढीतून जगभर वाटल्या गेलेल्या यू८७ चा डीएनए त्या रुग्णाशी जुळला नाही. ती पेशी मेंदूच्या गाठीचीच असावी असं तिच्या जनुकपातळीवरून दिसतं, पण कुणाच्या, ते आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा बाटली फ्रीझरमधून काढण्याआधी तिची एसटीआर चाचणी (डीएनएवरून पेशीची ओळख पटवणारी) करून घ्या आणि निकालाचा कागद वहीत चिकटवा.